जावास्क्रिप्ट अॅपमधल्या लिंका: कोणता क्लिक अडवायचा, कोणता सोडायचा

मोंढ्याचे भाव दाखवणारं वेब अॅप डोळ्यांसमोर ठेवा. डावीकडे बाजार समित्या: लातूर, उदगीर, जालना, वसमत. उजवीकडे आजचे दर. लातूरवर क्लिक केलं की फक्त उजवी बाजू बदलली पाहिजे, वरचा पत्ता बदलला पाहिजे आणि बॅक बटण चाललं पाहिजे. खेड्यात रेंज एका कांडीवर आलेली असताना दर क्लिकला अख्खं पान पुन्हा ओढायला लावणं बरं नाही. प्रोजेक्ट उभा आहे आणि सर्व्हरची सेटिंग तुमच्या हातात आहे, असं धरून चालतो.

लिंक म्हणजे अँकर टॅग, आणि त्याच्या एचरेफमध्ये, म्हणजे लिंक कुठे जाते ते लिहिण्याच्या जागेत, खरा पत्ता. डिव्हला (नुसत्या चौकटीच्या टॅगला) ऑनक्लिक लावा असं सांगणारा लेख तिथेच बंद करा. एचरेफमध्ये नुसता हॅश (#) ठेवणं हेही त्याच माळेतलं. खरा पत्ता असेल तर लिंक दाबून धरून व्हॉट्सअॅपवर पाठवता येते, कीबोर्डवरून तिच्यापर्यंत पोचता येतं आणि स्क्रीन रीडर तिला लिंक म्हणून वाचतो.

क्लिकचा लिसनर, म्हणजे क्लिक झाला की चालणारं फंक्शन, पूर्ण डॉक्युमेंटवर एकच लावा.

खरी मेख पुढे आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. बहुतेक ठिकाणी सांगतात की क्लिक आला की प्रिव्हेंटडिफॉल्ट करा (ब्राउझरचं नेहमीचं काम थांबवा), पुशस्टेट करा (पान न ओढता वरचा पत्ता बदला), झालं. नाही होत! आडत दुकानातला मुनीम तुरीचा भाव बघताना कंट्रोल दाबून लातूर, उदगीर, जालना असे तीन टॅब उघडतो आणि दर ताडून पाहतो. त्याचा कंट्रोल-क्लिक तुम्ही अडवला तर नवा टॅब उघडतच नाही, समोरचं पान मात्र बदलून जातं. एरर कुठेच दिसत नाही, त्यामुळे तक्रारही येत नाही. माणूस अॅप वापरणं सोडून देतो, एवढंच.

म्हणून सुरुवातच उलटी करा: सगळे क्लिक ब्राउझरचे, आपला फक्त साधा, डावा, आपल्याच साइटच्या लिंकवरचा क्लिक.

आधी क्लिक कुठल्या लिंकवर पडला ते शोधा, आणि त्यासाठी इव्हेंटच्या टार्गेटवर (क्लिक नेमका ज्या घटकावर पडला त्यावर) थेट विसंबू नका. दराशेजारी तेजीचा हिरवा बाण एसव्हीजीत काढलेला असेल आणि बोट नेमकं त्यावर पडलं, तर टार्गेट म्हणून बाणाची रेघ हातात येते, अँकर नाही. मग ‘लातूर’ या अक्षरांवर दाबलं की अॅप नीट चालतं आणि बाणावर दाबलं की पूर्ण पान रीलोड होतं. असला बग शोधण्यात दुपार जाते. टार्गेटवरून क्लोजेस्ट चालवा, म्हणजे तिथून बाहेरच्या टॅगांकडे शोधत जा, आणि एचरेफ असलेला अँकर मिळवा. नाही मिळाला तर तिथूनच परत फिरा.

मग एकेक अट तपासा. डिफॉल्टप्रिव्हेंटेड खरं असेल तर तो क्लिक दुसऱ्या कोडने आधीच घेतलाय, सोडा. बटण 0, म्हणजे माउसचं डावं, नसेल तर सोडा. कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट किंवा मेटा दाबलेलं असेल तर सोडा. मेटा विसरू नका, मॅकवर नवा टॅब कमांडने उघडतो. लिंकला टार्गेट ब्लँक (नव्या टॅबमध्ये उघडण्याची खूण) असेल किंवा डाउनलोड लावलेलं असेल, म्हणजे भावपत्रकाची पीडीएफ वगैरे, तर सोडा. ओरिजिन, म्हणजे पत्त्यातला प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट, आपलं नसेल तर सोडा. आडत्याच्या फोन नंबरची टेल लिंक याच अटीत आपोआप बाहेर पडते. पत्ता तोच आणि फरक फक्त हॅशचा असेल, तर तेही ब्राउझरला करू द्या. या सगळ्यातून जो क्लिक उरेल त्यावरच प्रिव्हेंटडिफॉल्ट.

रिअॅक्ट राउटर (रिअॅक्ट अॅपमधली पानं बदलणारी लायब्ररी) वापरत असाल तर त्याचा लिंक कंपोनंट बटण, टार्गेट आणि या कळा स्वतः तपासतो. तो हाताशी असताना ऑनक्लिकमध्ये नॅव्हिगेट लिहिण्याला काही अर्थ नाही.

पत्त्यात देवनागरी ठेवणार असाल तर एक जपा. लोकेशनच्या पाथनेममध्ये (पत्त्यातल्या साइटच्या नावापुढच्या भागात) ‘लातूर’ ही पाच अक्षरचिन्हं टक्क्यांच्या खुणांसह 45 कॅरेक्टर होऊन येतात. डिकोड केल्याशिवाय तुलना केलीत तर रूट, म्हणजे कोणत्या पत्त्याला कोणतं पान ही नोंद, कधीच जुळणार नाही.

पुढचं सोपं आहे. पुशस्टेट करा आणि पान रंगवणारं फंक्शन स्वतः बोलवा, कारण पुशस्टेटने पॉपस्टेट इव्हेंट येत नाही. तो बॅक-फॉरवर्डला येतो. तिथूनही तेच फंक्शन. हॅश बदलल्यावरही पॉपस्टेट येतो, तेव्हा पाथ खरंच बदललाय का ते बघूनच रंगवा. त्याच पत्त्यावर पुन्हा क्लिक झाला तर पुशस्टेट नको, नाहीतर बॅक दाबून माणूस तिथल्या तिथेच राहतो. टायटल बदला, फोकस नव्या मथळ्यावर न्या.

नव्या पानावर स्क्रोल वर न्या. बॅकला ब्राउझर जुनी जागा स्वतः धरतो, पण यादी सर्व्हरवरून उशिरा आली तर तेवढी उंचीच नसते. आलेले दर मेमरीत ठेवा आणि बॅकला लगेच रंगवा.

शेवटी सर्व्हर. लातूरच्या पानावर रिफ्रेश केलं की 404 (सापडलं नाही) येतो, कारण त्या नावाची फाइलच नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ट्रायफाइल्स या सेटिंगने अशा पत्त्यांना इंडेक्स एचटीएमएल द्या. पण जावास्क्रिप्ट आणि चित्रांच्या फोल्डरला हा नियम लावू नका. नवी आवृत्ती चढवल्यावर जुन्या टॅबने जुनी फाइल मागितली तर तिला 404च मिळू द्या. एचटीएमएल मिळालं तर कन्सोलमध्ये अनपेक्षित चिन्हाची एरर दिसते आणि तुम्ही दोष कोडमध्ये शोधत बसता.