स्ट्रोक वॉर्डातला ताप: नव्याने ड्युटीवर येणाऱ्यांसाठी

स्ट्रोक युनिटला नव्याने रुजू झालेल्यांचं लक्ष आधी ब्लडप्रेशरकडे जातं, मग शुगरकडे. टेम्परेचर हा चार्टमधला भरून टाकायचा रकाना वाटतो. मला मात्र इतक्या वर्षांच्या नर्सिंगनंतर खात्री आहे, की या वॉर्डात जे उपचार खरोखर आपल्या हातात आहेत त्यांतला हा एक आहे.

स्ट्रोकमध्ये मेंदूच्या रक्तपुरवठा तुटलेल्या भागाभोवती तगून राहिलेल्या पेशी असतात. सगळी धावपळ त्यांच्यासाठी चाललेली असते. अंगात एक अंश सेल्सिअस ताप चढला की प्राणवायूची गरज साधारण १० टक्क्यांनी वाढते, आणि इथे तर पुरवठाच अपुरा. म्हणून इतर वॉर्डांत ‘थोडी कणकण आहे’ म्हणून सोडून दिलं जातं त्या ३७.५ अंशांना, म्हणजे ९९.५ फॅरनहाइटला, इथे कामाला लागायचं.

ऑस्ट्रेलियातल्या १९ स्ट्रोक युनिट्समधला एक अभ्यास २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पहिले ७२ तास ताप, शुगर आणि गिळणं या तिन्हींकडे नर्सनी ठरलेल्या पद्धतीने लक्ष द्यायचं, एवढाच तो उपक्रम. ९० दिवसांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी झालेल्या रुग्णांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ५८ टक्के होतं, हा उपक्रम राबवलेल्या युनिट्समध्ये ४२. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही. मला आजही याचं अप्रूप वाटतं.

तेव्हा पहिले तीन दिवस किमान दर चार तासांनी टेम्परेचर घ्या, रात्री रुग्ण झोपलेला असला तरी. काखेत घेत असाल तर अशक्तपणा नसलेल्या बाजूला, आणि दरवेळी तिथेच. एकदा काख, एकदा कान असं केलं तर आकडा रुग्णामुळे बदलला की जागेमुळे, हे कळत नाही.

ताप आला की हात पॅरासिटामॉलकडे जातो. थांबा, गिळण्याची तपासणी झाली आहे का? नसेल तर तोंडाने गोळी नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. सपोझिटरीने (गुदद्वारातून) किंवा शिरेतून द्यायचं का, ते डॉक्टरांना विचारा. शिरेतून दिल्यावर ब्लडप्रेशर उतरू शकतं आणि या रुग्णांना ते सोसत नाही, म्हणून प्रेशर पुन्हा बघा. प्रौढांना सगळे मार्ग मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही. वजन कमी किंवा लिव्हर खराब असेल तर मर्यादा आणखी खाली येते.

पण औषधाने आकडा खाली आला म्हणजे काम झालं असं नाही. ताप कुठून आला ते शोधायला हवं. मी आधी छातीकडे बघते: आवाज ओलसर घोगरा झालाय का, पाजताना ठसका लागतो का, सॅच्युरेशन (रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण) घसरतंय का. घशातलं फुप्फुसात उतरून झालेला न्यूमोनिया इथे नेहमीचाच. मग युरिन कॅथेटर (लघवीची नळी), सलाईनची जागा, पोटऱ्यांची सूज. कॅथेटरची अजून गरज आहे का, हा प्रश्न प्रत्येक राउंडला विचारा. मेंदूतल्या रक्तस्रावामुळेही ताप येतो, पण बाकी सगळं तपासून झाल्याशिवाय त्या निष्कर्षावर यायचं नसतं.

थंडाव्याचा अतिरेकही नको. शुद्धीतल्या रुग्णांना ३४-३५ अंशांपर्यंत थंड करून पाहिलं गेलं, फायदा सिद्ध झाला नाही. कुडकुडण्याने प्राणवायूचा खर्च उलट वाढतो. ते जबड्यात आणि मानेत आधी जाणवतं, तिथे हात ठेवून बघा. जादा पांघरूण काढा, खोली गार ठेवा. संवेदना गेलेल्या बाजूला बर्फाची पिशवी लावू नका. कातडी भाजल्यासारखी झाली तरी रुग्णाला कळणार नाही, आणि बोलणं गेलेलं असेल तर कळूनही सांगता येणार नाही.

हँडओव्हरला ‘ताप होता, औषध दिलं’ एवढंच सांगू नका. किती होता, कुठे मोजला, काय किती वाजता दिलं, तासाभराने किती उतरला, कारणासाठी कोणत्या तपासण्या पाठवल्या आणि कोणते रिपोर्ट यायचे आहेत, हे सगळं पुढच्या शिफ्टला सांगूनच निघा.