पक्षाघातानंतर पकड पुन्हा शिकताना ईईजीची मदत

पक्षाघाताने हात लुळा पडला तरी तो हलवण्याचा प्रयत्न मेंदूत बहुधा उमटतोच. ईईजीच्या, म्हणजे मेंदूचे विद्युतसंकेत डोक्यावरून नोंदवणाऱ्या, टोपीने तो टिपून मनगटावरचे यंत्र बोटे उघडते, आणि अशा एका उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने) 2021 मध्ये मान्यताही दिली.

सुरुवात मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावी आणि पूर्वी फिट आली असल्यास ते आधी सांगावे. केस नीट बाजूला सारून, जेल लावून टोपीतले इलेक्ट्रोड (संकेत टिपणारे छोटे संवेदक) त्वचेला टेकवावेत. रुग्णाने दात आवळले तरी स्नायूंचा विद्युतप्रवाह मेंदूच्या क्षीण संकेताला झाकून टाकतो, म्हणून जबडा सैल हवा.

खरी मेहनत कल्पनेची आहे. हात हलताना नुसता डोळ्यांपुढे आणू नये, तर पाण्याने भरलेला तांब्या उचलताना तळव्याला लागणारा गारवा आणि मनगटावर येणारा भार आतून अनुभवावा, कारण त्याच वेळी मेंदूतील 8 ते 13 हर्ट्झच्या (सेकंदाला 8 ते 13 आवर्तनांच्या) विद्युतलयीचा जोर कमी होतो आणि यंत्राला इशारा मिळतो. यंत्राचा प्रतिसाद लगेच यायला हवा; उशीर झाल्यास प्रयत्न आणि हालचाल यांचा संबंध मेंदूला जुळवता येत नाही.

थकवा दिसताच थांबावे. नेहमीची फिजिओथेरपी मात्र सोडू नये.