पंप गेला, की पंपाची वीज गेली?

माझं दुकान इचलकरंजीत, मोटर रिवाइंडिंगचं. मागाच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या, सगळ्या मोटरी येतात. जळालेली मोटर टेबलावर आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: जळली कशानं? ते न बघता नुसती तार भरून दिली तर महिन्याभरात तीच मोटर परत दारात. तीस वर्षं हेच करतोय, आणि स्वतःच्या गाडीतल्या, इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाच्या वेळी मात्र हा प्रश्न विचारायचा विसरलो. साडेसहा हजारांना पडलं ते.

गाडी २००३ सालची, पेट्रोलवरची, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटर नसलेली, इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी. मे महिन्यात रत्नागिरीहून परत येत होतो. साखरपा मागं टाकून आंबा घाट चढायला लागलो आणि गाडीनं दोन आचके दिले, बसली. सेल मारला की इंजिन गरगर फिरायचं, पेटायचं नाही. हिनं पाण्याची बाटली पुढं केली, "ओला फडका टाका की पंपावर." तिच्या माहेरी फियाट होती. त्या गाडीचा पंप इंजिनाला चिकटलेला, कॅमच्या धक्क्यावर चालणारा. घाटात तापला की आत पेट्रोलची वाफ धरायची आणि फडक्यानं खरंच काम व्हायचं. आमच्या गाडीचा पंप म्हणजे मागच्या सीटखाली टाकीत, पेट्रोलात बुडालेली छोटी मोटर. फडका टाकणार कुठं? पस्तीस मिनिटं झाडाखाली बसलो आणि गाडी काही न करता चालू झाली.

गावातल्या गॅरेजवाल्यानं अर्धं ऐकलं आणि म्हणाला, "अण्णा, पंप गेला तुमचा." नवा टाकला. तीन आठवड्यांनी गाडी परत बसली, तशीच, भर दुपारी. मग मीच मल्टिमीटर काढला.

सुरुवात कानानं करा. काचा बंद, पंखा बंद, रेडिओ बंद. किल्ली फक्त ऑनवर आणा, सेल मारू नका. मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज आला पाहिजे. पंप लाइनमध्ये प्रेशर भरतो आणि इंजिन फिरत नाही म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्याला थांबवतो. ऐकू येत नसेल तर एकाला टाकीचं झाकण उघडून तिथं कान लावायला सांगा. (बिडी ओढणाऱ्याला नको.) गाडी चांगली असतानाच हा आवाज ओळखीचा करून ठेवा. एरवी ऐकलाच नसेल तर बंद पडल्यावर काय कळणार?

आवाज आला नाही म्हणून पंप मेला असं होत नाही. आधी सेल मारताना आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत तो थोडा हलतो. अजिबात हलत नसेल आणि प्लगला करंटही नसेल, तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनाचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्या. इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळलंच नाही तर तो ना ठिणगी देतो ना पंप चालू ठेवतो. हा सेन्सरही तापल्यावर रुसतो आणि गार झाल्यावर सुधारतो, म्हणून पंपाच्या नावावर खपतो. करंट बघायला जादा प्लग वायरला लावून त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवा. आसपास पेट्रोलचा वास असेल तर मात्र हा उद्योग नको. इमोबिलायझरचा (किल्ली ओळखून चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर तिथंच थांबा, दोष बहुधा किल्लीत किंवा त्या यंत्रणेत आहे.

करंट आहे, पंपाचा आवाज नाही, असं असेल तर फ्यूज. बहुतेक गाड्यांत १५ अँपिअरचा असतो. उडालेला दिसला तर त्याच नंबरचा एकदाच बदला. परत उडाला तर वायर कुठंतरी घासून बॉडीला लागलीय किंवा पंप जाम झालाय. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणाऱ्याला माझ्या दुकानात मी उभं करत नाही, आणि इथं तर त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला पेट्रोलची टाकी आहे. फोर्डच्या काही गाड्यांत धक्का बसल्यावर पंप तोडणारा स्विच असतो. मोठ्या खड्ड्यानंतर गाडी बसली असेल तर तो दाबून बघा.

पुढं रिले, म्हणजे ईसीयूच्या हुकुमावर पंपाची वीज जोडणारा स्विच. त्याच गाडीतला सारख्या नंबरचा दुसरा रिले, हॉर्नचा वगैरे, अदलाबदल करून बघा. फुकटात होणारी तपासणी आहे. नाहीतर रिले काढून तो बसतो त्या बेसमधल्या ३० आणि ८७ या दोन खाचा फ्यूज असलेल्या वायरनं जोडा. कुठल्या खाचा ते रिलेच्या अंगावरच्या आकृतीत असतं. अंदाजानं जोडाल तर ईसीयू घालवाल. अशी जोडल्यावर पंप सलग चालला तर पंप जिवंत आहे, दोष रिलेत किंवा त्याला हुकूम देणाऱ्या वायरीत.

आता खरी गंमत, जिथं मी फसलो होतो. गॅरेजवाल्यानं पंपाचा कपलर (वायरींचा जोड) काढून मीटर लावला होता, १२.४ व्होल्ट आले, म्हणून "लाइट येतीय, म्हणजे पंपच गेला" असा निकाल दिला. पण भार नसताना केसाएवढी तारही १२ व्होल्ट दाखवते. पंपाला चारेक अँपिअर ओढू द्या आणि मग मोजा. मी रिलेच्या जागी वायर जोडून पंप चालवला, कपलर लावलेलाच ठेवला, मागच्या बाजूनं टाचण्या घालून मीटर धरला: ९.२. बॅटरीवर १२.४. मधले ३.२ व्होल्ट वाटेत कोणीतरी खात होतं.

तो चोर शोधायला मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी पंपाच्या प्लसला: ३.०. मग पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: ०.२. म्हणजे अर्थिंग ठीक, घोळ प्लसच्या वाटेवर. (कोकणातल्या गाड्यांत बहुधा उलटं निघतं, सीटखालचा अर्थचा नट गंजून भुगा झालेला असतो.) त्या वाटेवर फ्यूजपर्यंत सगळं नीट, आणि रिलेच्या बेसपाशी बोट ठेवलं तर चटका. बेस उलटा केला. एका खाचेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन भज्यासारखं फुगलेलं, आतली पितळी पकड सैल, काळी. तीन व्होल्ट गुणिले चार अँपिअर, बारा वॅट. एवढी उष्णता एका नखाएवढ्या पिनेवर. पिन तापणार, पकड आणखी सैल होणार, पंप मंदावणार, प्रेशर पडणार. सपाटीवर निभायचं, घाटात दुसऱ्या गिअरला इंजिननं पेट्रोल मागितलं की संपलं. पस्तीस मिनिटांत पिन गार व्हायची. बेस आणि दोन नव्या पिना मिळून १८० रुपये लागले. नंतर पंपावर ११.९ आले.

भारावर साडेअकराच्या वर व्होल्ट पोचतायत आणि तरी पंप गप्प, तर मग तो गेला म्हणा. टाकीच्या बुडाला रबरी हातोडीनं दोन हलके ठोके द्या. जागा झाला तर आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज देणारे तुकडे, झिजलेत. सरळ घरी या आणि नवा टाका, पुढच्या ठोक्याला तो उठेलच असं नाही.

पंप घूंऽऽ करतोय आणि तरी गाडी पेटत नाही, तर प्रेशर गेज लावल्याशिवाय बोलू नका. या वयाच्या गाड्यांत साधारण अडीच ते साडेतीन बार लागतं, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. कमी असेल तर आधी फिल्टर, मग टाकीतली जाळी, मग प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर. सकाळी पाच-सहा वेळा सेल मारावा लागतो, पण किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ केली की पहिल्या सेलला उठते, असं असेल तर रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरतंय. बहुतेक वेळा तो पंपातल्या वाल्वचा दोष. कधी इंजेक्टर गळत असतो.

कुठलाही पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, म्हणजे प्रेशर उतरतं. मग बॅटरीचा मायनस काढा. हे न करता पाइप ओढाल तर पेट्रोलचा फवारा थेट डोळ्यात.

आणि टाकी रिझर्व्हवर ठेवून फिरू नका. भोवतालचं पेट्रोलच त्या मोटरीला गार ठेवतं. माझा सांगलीचा भाचा बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटवर गाडी चालवायचा, पेट्रोल शंभराचं. त्याच्या किटमध्ये सीएनजीवरही पंप फिरतच राहायचा, कोरडा. त्याचा पंप मी उघडून बघितला: कार्बन संपलेले, ते घासतात त्या कॉम्युटेटरवर नाली पडलेली. तो खरोखर मेलेला पंप.

माझा काढलेला जुना पंप मीटरवर १.३ ओहम दाखवतो, आर्मेचर (आतला फिरता भाग) बोटानं सहज फिरतं. वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवलाय. ही दर दिवाळीला साफसफाई करताना विचारते, "हा टाकायचा का?"