गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलमध्ये सिंथेटिक तेल कसे भरावे

चाळीसगावहून माल भरून गाडी कन्नडचा घाट चढू लागली की सगळ्यांचे लक्ष टेम्परेचरच्या काट्याकडे. मागच्या एक्सलमधल्या डिफरेन्शियलला, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला, काटाच नसतो, म्हणून त्याची आठवण होते ती थेट घरघर सुरू झाल्यावर. त्यात मे महिना, ४५ अंशांचा पारा आणि पाठीवर ओझे. साधे मिनरल तेल अशा वेळी लवकर पातळ होते आणि लवकर जळते. सिंथेटिक तेल तापल्यावरही आपला जाडपणा बऱ्यापैकी टिकवून धरते. आपल्या भागात त्याचा खरा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

डब्यावर '७५डब्ल्यू-९०' असे लिहिलेले असते. पहिला आकडा थंडीचा. ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशांवर होते. धुळ्यात शेकोटी पेटवायची वेळ आली तरी त्याचे आपल्याला काय! आपल्या कामाचा आकडा दुसरा, तापलेल्या तेलाचा जाडपणा सांगणारा ९०. गाडीच्या माहितीपुस्तकात (मॅन्युअलमध्ये) ९० असेल तर 'ऊन फार' म्हणून मनानेच १४० भरू नका. जास्त घट्ट तेल ढवळण्यातच ताकद जाते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे डब्यावरचा गिअर तेलाचा दर्जा, जीएल-४ की जीएल-५. मागच्या डिफरेन्शियलमध्ये बहुतेक हायपॉइड गिअर असतात. त्यांचे दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून तिथे गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा असलेले जीएल-५ लागते. त्याचा वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. मात्र मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रोनायझर रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतील तर जीएल-५ मधली काही रसायने पितळ खाऊ शकतात. कंपनीने जीएल-४ सांगितले असेल तर तेच घ्या. "तेल ते तेलच शे ना, भाऊ" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढचे दुकान गाठा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या कारमध्ये मागे वेगळे डिफरेन्शियल नसतेच. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलला एकच तेल पुरते. ऑटोमॅटिक गाडीचे तेल पूर्ण वेगळे, ते काम या पद्धतीने करू नका. आणि ड्रममधले सुटे तेल, कितीही स्वस्त असो, नकोच.

आता काम. गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे तेल कोमट होऊन गाळासकट उतरते. सपाट जागेवर लावा, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका.

आधी वरचा, भरायचा प्लग सोडवा; खालचा, तेल काढायचा, नंतर. हे मी एकदा उलटे केले. तेल सगळे खाली सांडले, मग कळले की वरचा प्लग गंजून बसलाय. डिफरेन्शियल कोरडे, गाडी जागेवर, आणि दुपारभर पान्याशी झटापट.

तेल निथळू द्या, घाई नको. खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावर करडी पेस्ट दिसेल. ती नेहमीची झीज आहे. पण बोटाला टोचणारे तुकडे लागले तर नवे तेल ओतण्याआधी मेकॅनिकला दाखवा. प्लग पुसा, वॉशर नवा टाका, प्लग बसवा. मग पंपाने किंवा नळी लावून हळूहळू भरा. तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आले आणि थेंब बाहेर यायला लागला की बस्स, असे बहुतेक गाड्यांत असते. तुमच्या गाडीला किती लिटर लागते ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. जुन्या मिनरल तेलावर सिंथेटिक ओतून 'टॉपअप' करणे म्हणजे पैसे वाया; पूर्ण रिकामे करूनच भरा.

एक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायचे छोटे तोंड, तेही साफ करा. शेतरस्त्याच्या धुळीने तो बुजला की आतला दाब तेल सीलमधून बाहेर ढकलतो, आणि दोष मात्र नव्या तेलाला मिळतो. फार जुन्या गाडीचे कडक झालेले सील सिंथेटिकने पाझरू शकतात. म्हणून शंभर किलोमीटरनंतर गाडीखाली डोकावून बघा, पिनियनच्या सीलपाशी (जिथे इंजिनाकडून येणारा दांडा डिफरेन्शियलला जोडलेला असतो तिथे) ओल दिसली तर सील बदला.

काढलेले तेल नाल्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. डबा बंद करून वापरलेले तेल गोळा करणाऱ्याला द्या. आणि तेल बदलल्याची तारीख व किलोमीटर दाराच्या आतल्या पट्टीवर मार्करने लिहून ठेवा.