घडीचा चाकू घेताना आधी पोलाद पाहावे

रोज खिशात बाळगण्यासाठी महागडा घडीचा चाकू घेताना मुठीच्या टायटॅनियमपेक्षा पात्याच्या पोलादाला अधिक महत्त्व द्यावे, कारण नागपूरच्या उन्हाळ्यातला घाम आणि संत्र्याचा आंबट रस हे दोन्ही पात्याला गंज चढवतात. डी२ पोलादात गंज रोखणारे क्रोमियम सुमारे १२ टक्के असूनही त्यातला बराच भाग कार्बनशी बांधला जातो, त्यामुळे ते पुसून कोरडे ठेवावेच लागते. एस३०व्ही या पोलादात सुमारे १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असल्याने ते गंजाला चांगले तोंड देते व धारही दीर्घकाळ टिकवते. मात्र साध्या दगडावर त्याला धार लावणे कष्टाचे असल्याने हिऱ्याचे कण बसवलेल्या धार लावण्याच्या पट्टीचा खर्च किमतीत आधीच धरावा. वजन शंभर ग्रॅमच्या आत असावे. जड चाकू शेवटी घरीच राहतो. विमानप्रवासात चाकू हातातल्या सामानात ठेवू नये.