आइस हॉकीचा फॉरवर्ड नेमका कितव्या फळीचा?

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग. तिथल्या फॉरवर्डचे (आक्रमक खेळाडूचे) एकूण गुण, म्हणजे गोल अधिक असिस्ट (गोलला मदत करणारे पास), बघून त्याला थेट पहिल्या फळीत बसवलं की फसगत होते. फळी म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे तीन फॉरवर्ड; पहिली सगळ्यात भारी, चौथी शेवटची. त्या आकड्यात पॉवर प्लेचे, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाचे गुणही मिसळलेले असतात. मी आता असं करतो:

१. फक्त पाच विरुद्ध पाच खेळतानाचे गुण आणि मिनिटं घ्या. 'नॅचरल स्टॅट ट्रिक' या आकडेवारीच्या वेबसाइटवर ती वेगळी मिळतात. 'इव्हन स्ट्रेंथ'चा (दोन्हीकडे सारखेच खेळाडू असतानाचा) रकाना नको. त्यात जादा वेळेतला तीन विरुद्ध तीनचा खेळही येतो (२०१५-१६ पासून), आणि तिथे मोकळं बर्फ असल्याने गोल सहज होतात.

२. ५०० मिनिटांपेक्षा कमी खेळलेले गाळा.

३. गुणांना ६०ने गुणून मिनिटांनी भागा. १,००० मिनिटांत ३५ गुण, म्हणजे तासाला २.१.

४. यादी उतरत्या क्रमाने लावा. संघ ३२, फळीत फॉरवर्ड तीन. म्हणून पहिले ९६ पहिल्या फळीचे, १९२ पर्यंत दुसऱ्या, २८८ पर्यंत तिसऱ्या, उरलेले चौथ्या.

सीमेवरच्या नावांसाठी एक चाळणी आणखी लावतो, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच कळतो. एका गोलला दोन असिस्टपर्यंत मिळतात. त्यातला दुसरा वजा करून दर पुन्हा काढा. घसरण मोठी असेल तर खेळाडू एक फळी खाली.

मात्र कॉनर मॅकडेव्हिडसारख्या स्टार फॉरवर्डच्या शेजारी खेळणाऱ्याचा आकडा फुगतो. त्याचा जोडीदार कोण होता, हे बघितल्याशिवाय फळी पक्की करू नका.