ट्रॉलीची वरची कपाटं चढवण्याआधी भिंत ओळखा

स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाचं ओझं शेवटी भिंतीवर येतं, म्हणून पहिलं काम भिंत ओळखण्याचं. तीन फूट लांबीचं १८ मिमी प्लायचं कपाट रिकामंच २०-२५ किलो भरतं. वर डबे-बरण्या आल्या की वजन सहज दुप्पट होतं.

कपाटामागे झाकलं जाईल अशा जागी ६ मिमीचं भोक पाडा आणि खाली कागद धरून भुकटी बघा. सुरुवातीला गिलाव्याची राखाडी भुकटी येणारच. त्यापुढचा रंग महत्त्वाचा. तांबडी आली तर वीट; तिच्यात प्लग (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) आणि स्क्रू नीट धरतात. पांढरट, मऊ भुकटी आली आणि ड्रिल सरकन आत गेलं तर सिमेंटचा हलका ब्लॉक. नव्या फ्लॅटमध्ये हा बऱ्याचदा असतो. तिथे ड्रिलचा हॅमर मोड (ठोके मारत भोक पाडणं) बंद ठेवा आणि ब्लॉकसाठीचे प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवायचा बोल्ट) घ्या. फुगणारा लोखंडी अँकर ब्लॉक फोडतो. माती येऊ लागली, तर कोल्हापूरच्या पेठांतल्या जुन्या घरांसारखी दगडमातीची भिंत आहे. तिच्यावर काही टांगूच नका. जमिनीवर उभं राहणारं उंच कपाट करा.

हे पहिलं भोकसुद्धा वीज तोडल्याशिवाय पाडायचं नाही. स्वयंपाकघराचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) पाडा आणि इन्व्हर्टरही बंद करा. त्याची लाइन एमसीबी पाडूनही चालू राहू शकते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, मग इथले पॉइंट तपासा. ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून घ्या. स्विचबोर्डाच्या आणि नळाच्या सरळ वर-खाली, आडव्या रेषेतही भोक नको. रेग्युलेटर काढून सिलिंडर बाहेर ठेवा.

स्क्रूची लांबी अंदाजानं घेऊ नका. कपाटामागची पट्टी १८, टाइल आणि तिचा माल १५, गिलावा सुमारे १५-२० आणि विटेच्या आत किमान ५० मिमी, म्हणजे साधारण १०० मिमीचा स्क्रू लागतो. ५० मिमीचा स्क्रू गिलाव्यातच संपतो, आणि भार आला की गिलाव्याचा पोपडाच सुटतो. टाइलवर हॅमर मोडशिवाय, टाइलच्या बिटनं सुरुवात करा. चष्मा आणि मास्क लावाच.

ओल तपासणं आपल्याकडच्या पावसात टाळता येत नाही. दोन फूट प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपनं चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतल्या अंगाला पाणी साचलं, तर आधी गळती बुजवा आणि भिंत वाळेपर्यंत थांबा. ओल्या भिंतीला लागलेला प्लाय फुगतो, मग दारं घासू लागतात.

उंचीची खूण लेव्हल ट्यूबनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) करा. ओट्यापासून २२-२४ इंच सोडा, शेगडीच्या वर कपाट नकोच. त्या रेषेखाली आडवी लाकडी पट्टी तात्पुरती ठोका. कपाट तिच्यावर टेकवून एकानं धरावं, दुसऱ्यानं स्क्रू आवळावेत. सगळे स्क्रू बसेपर्यंत धरणाऱ्यानं हात काढायचा नाही.